सोनूबाईचं नितळ पाणी

केर्लीहून जोतिबाच्या डोंगराला चढणारा रस्ता जिथे तिसऱ्यांदा मागे वळून खालच्या रानाकडे बघतो, त्या वळणावर सोनूबाई कांबळे बारा वर्षं पाण्याची घागर घेऊन बसली. तिला कुणी बसवलं नव्हतं. कुणी ऊठही म्हणालं नाही.

त्या वळणावर गाड्या उकळायच्या. कोल्हापूर सोडून निघालेली जीप सपाटीला हसतखेळत यायची, केर्लीला माणसं कोंबून घ्यायची आणि चढाला लागली की दोन वळणांतच तिचा दम संपायचा. तिसऱ्या वळणाला बॉनेटमधून वाफ यायची. ड्रायव्हर शिव्या देत उतरायचा, रिकामा डबा घेऊन इकडेतिकडे बघायचा, आणि त्याला उंबराखाली बसलेली बाई दिसायची. उंबराच्या पायाशी, रस्त्यापासून दहा पावलं खाली एक झरा होता. मे महिन्यातही तो आटायचा नाही. बारीक व्हायचा, पण धार तुटू द्यायचा नाही.

त्याच उंबराखाली तिचा नवरा दादासो गेला. रस्त्याच्या गँगवर खडी टाकायला होता. १९९१ च्या वैशाखात दुपारी भाकरी खायला बसला आणि बसल्या जागी कलंडला. गँगची माणसं सोनूबाईला बोलवायला खाली बौद्धवाड्यात आली, ती पळत वर गेली, तेव्हा त्याच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. तिनं ती भाकरी सोडवून घेतली, फडक्यात बांधली. रडली नाही. वाड्यातल्या बायकांनी तिला हलवलं, दंडाला चिमटे काढले, "रड गं बाई, मोकळी हो" म्हणाल्या. चिमट्यांचे वळ उठले, पण तिला ते दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी दिसले तेव्हा कळले. त्या दिवसापासून तिच्या अंगाला कशाचं काही लागेनासं झालं. ऊन लागायचं नाही, भूक लागायची नाही, बोललेलं लागायचं नाही. एक बोललेलं तेवढं लागलं, ते पुढे येतंच.

पंधरा दिवसांनी ती उगीच त्या उंबराखाली जाऊन बसली. घरी बसली काय आणि तिथे बसली काय, सारखंच होतं. तेवढ्यात एक जीप उकळली. ड्रायव्हर झऱ्याकडे उतरताना घसरला आणि तिनं त्याच्या हातातला डबा घेऊन भरून दिला. दुसऱ्या दिवशी ती घरून घागर घेऊन आली. गवताचे भारे आणि चार शेळ्या यांवर पोट चालत होतं. मुलगा प्रसेनजीत कबनूरला यंत्रमागावर कामाला लागला होता. तिच्याजवळ दिवस भरपूर होते, ते तिनं वळणावर ठेवून दिले.

इंजिनाला तिचं पाणी चालायचं. माणसांचं तसं नव्हतं. गाडीतली म्हातारी माणसं आधी विचारायची, "कुठली गं तू?" ती म्हणायची, "खालच्या वस्तीतली."  ड्रायव्हर डबा भरून घ्यायचा आणि घशाला कोरड पडलेली माणसं समोरच्या भरल्या घागरीकडे न बघता डोंगराकडे बघत बसायची. ह्याचं सोनूबाईला नवल नव्हतं. ते जन्मापासूनचं होतं.

पण पहिल्याच पावसाळ्यात एक म्हातारी पाण्यासाठी रडणाऱ्या नातवाला म्हणाली, "गप. वर देवळापाशी पिऊ. हे बघ की कसलं गढूळ हाय, ह्यांचं असंच असतंय."

पाणी गढूळ होतं, हे खरं. डोंगराची माती तांबडी. पाऊस लागला की झरा चहासारखा व्हायचा. पण ते "ह्यांचं असंच" सोनूबाईच्या बधिर अंगाला नेमकं कुठंतरी लागलं. त्या रविवारी तिनं केर्लीच्या दुकानातून तुरटी आणली.

तुरटीचा खडा घागरीत दोनदा फिरवला की पाणी बसतं, हे प्रत्येक घरच्या बाईला माहीत असतं. सोनूबाईचं दोन फेऱ्यांत समाधान होईना. ती खडा ठेचून मूठभर पूड घागरीत टाकायची आणि घागर झाकून ठेवायची. सकाळी वरचं पाणी दुसऱ्या घागरीत काढायची. ते इतकं नितळ व्हायचं की घागरीच्या बुडाला पडलेला पोचा वरून दिसायचा. पावसाळा संपला, झरा आपोआप स्वच्छ झाला, तरी तिची तुरटी थांबली नाही. प्यायचं नसेल तर नका पिऊ, पण आता कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. गाड्या थांबल्या की ती घागरीवरचं झाकण मुद्दाम काढून ठेवायची.

दुसऱ्या वर्षी जोतीराम आला. वरच्या गावातला, पंचविशीचा, नुकतीच जुनी जीप घेतलेला, डोंगर ते केर्ली माणसं भरून वडाप करणारा. भरल्या जीपमधून उतरला, घागरीत डोकावला आणि म्हणाला, "मावशी, ह्या पाण्यात मासा सोडला तर लाजंल की. उघडा पडंल बिचारा."

तिनं डब्यासाठी हात पुढे केला. तो म्हणाला, "आधी मला. मग गाडीला." आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्याला. जीपमध्ये पुढच्या सीटवरच्या पागोटेवाल्यानं नाक मुरडलं. जोतीरामनं ओठ पुसत विचारलं, "काय वो पावणं, तुमास्नी बी पायजे व्हय?" पागोटं दुसरीकडे वळलं.

त्या दिवसापासून रोज सकाळची पहिली फेरी तिच्यापाशी थांबायची. आधी जोतीराम प्यायचा, मग जीप. पावसात, उन्हात, चैत्रातल्या यात्रेच्या गुलालात. बहुतेक गाड्या वर्षातून एकदा यायच्या, पाणी घ्यायच्या आणि जायच्या. रोजची गाडी एकच. सोनूबाईला ती आवाजावरून ओळखू यायची. पहिल्या वळणाला जीप खाकरली की ती तांब्या भरून ठेवायची.

वर्षं गेली. बसून बसून तिला गाड्यांचं पोट कळायला लागलं. टोपण उघडल्यावर उसळणारं पाणी पांढरट असलं की आत तेल शिरलंय. पिवळसर असलं की गाडी नुकतीच गॅरेजातून आलीय. जोतीरामच्या जीपचं पाणी आधी चहासारखं झालं, मग विटेसारखं, मग पान थुंकल्यासारखं. तो म्हणायचा, "हिचं वय झालंय मावशी. लई तापती आताशा." सोनूबाईला वाटायचं, रस्त्याची माती जात असेल आत. म्हणून तिनं त्याच्या घागरीतली तुरटी वाढवली. दोन मुठी.

२००१ च्या दिवाळीनंतर जीप दीड महिना आली नाही. सोनूबाई तांब्या भरून ठेवायची आणि दुपारी ओतून द्यायची. मग एके दिवशी जीप आली, पण खाकरली नाही. आवाज दुसराच होता. जोतीराम उतरला, नेहमीसारखा प्याला. तिनं घागर उचलली तसा घाईनं म्हणाला, "डब्यात दे मावशी. आत्ता इंजिन तापलंय. वर गेल्यावर घालतो निवांत."

"इंजिन नवं हाय व्हय?"

"दुसरं टाकलंय. जुनं गेलं."

"कशानं?"

"गेलं," जोतीराम म्हणाला. "सगळंच जातंय की."

तिनं डबा भरून दिला. मग रोज डबाच भरून द्यायला लागली.

सव्वा वर्षानं, फाल्गुनात, तिची एक शेळी दावं तोडून वर गेली. सोनूबाई पायवाटेनं तिच्या मागे चढली. पायवाट पुढच्या वळणाला रस्त्याला मिळते. डोंगर वाळून पिवळा पडला होता, पण त्या वळणाच्या कडेला घोंगडीएवढ्या जागेत हिरवंगार गवत होतं आणि शेळी तिथेच चरत होती. सोनूबाई ते गवत बघत उभी राहिली. उन्हाळ्यात हिरवळ कशी, हे तिच्या ध्यानात येईना.

तेवढ्यात जोतीरामची जीप आली. थांबली. तो उतरला, मागून डबा काढला आणि त्या हिरवळीवर उपडा धरला. पाणी पडत असतानाच त्याला ती दिसली.

"मावशी! तू हितं कशी?"

"शेरडू आलतं."

डब्याच्या तोंडातून थेंब पडत होते. जोतीरामला डबा सरळ करायचंही सुचेना.

"थांबलास का?" सोनूबाई म्हणाली. "वत की. ऱ्हायलेलं बी वत."

"तू समजतीस तसं न्हाय, मावशी."

"मी काय समजतीया? लोकांनी माझं पाणी नको म्हंटलं, पर तोंडावर नको म्हंटलं. तू गोड बोलून घेतोस आन् हितं आणून वततोस."

"अगं, मी रोज पितोय की! तुझ्याम्होरं पितोय!"

"माझ्याम्होरं पितोस. माझ्या म्हागं काय करतोस ते आज बघिटलं."

गाडीतून कुणीतरी ओरडलं, "चला की वो डायवर, आरती चुकंल!" जोतीराम त्याच्यावर खेकसला, "उतर आन् चालत जा मग!" मग तो तिच्याकडे वळला, डबा खाली ठेवला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "मावशी, माझं इंजिन तुझ्या पाण्यानं सडलं. आता सांगितलं बघ. सव्वा वरीस दाबून धरलंतं. पाणी घ्यायचं बंद केलं असतं तर तू हेच म्हंटली असतीस, जे आता म्हंटलीस. म्हणून घेत होतो."

सोनूबाईच्या हातात शेळीचं दावं होतं. ते तिनं मुठीला दोन वेढे गुंडाळलं.

"कोण म्हंतंय सडलं?"

"मिस्त्री. कोल्हापुरात."

"मला न्हे त्याच्याकडं," ती म्हणाली.

अल्लाउद्दीन मिस्त्रीचं दुकान उद्यमनगरात होतं. दुकान म्हणजे वर पत्रा आणि खाली रेडिएटरांचा ढीग. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, उकिडवा बसून पितळेच्या टाकीला कथलाचा डाक देत होता. जोतीरामनं "ह्याच त्या" म्हटलं, तसं त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"अरे मर्दा, ह्यास्नी कशाला आणलंस हितं?"

"मीच आले," सोनूबाई म्हणाली. "काय सडलंय ते दावा."

मिस्त्रीनं जोतीरामकडे पाहिलं, मग उठला आणि दुकानामागे गेला. जुनं इंजिन तिथे विटांवर पडलं होतं. त्यानं वरचं झाकण सरकवलं आणि आतल्या वाटा दाखवल्या. "हितनं पाणी फिरतंय, मावशी. अंगात रगात फिरतंय तसं." वाटा दिसत नव्हत्या. आत झाडाच्या सालीसारख्या तांबड्या खपल्या भरल्या होत्या. मिस्त्रीनं बोट घातलं, खपली ओली पोळी तुटावी तशी तुटली. मग त्यानं इंजिनाच्या कुशीतलं पत्र्याचं एक गोल बूच दाखवलं. त्याची चाळण झाली होती. शेवटी त्यानं फळीवरून एक लोखंडी तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"हा पाण्याच्या पंपाचा पंखा. ह्येला सहा पाती असत्यात."

सोनूबाईनं पाहिलं. एकही पात नव्हतं. मधला गोळा होता आणि त्याला सहा ठिकाणी नखाएवढे उंचवटे होते. चघळून टाकलेल्या खडीसाखरेसारखा तो गुळगुळीत होता.

"पाण्यात काय घालत होता?"

"काय न्हाय. घाण कायच न्हाय. तुरटी तेवढी."

"किती?"

तिनं मूठ दाखवली. मग जरा थांबून दुसरी मूठ तिच्याशेजारी धरली.

मिस्त्री उठून शेजारच्या न्हाव्याकडे गेला आणि दाढीच्या तुरटीचा तुकडा घेऊन आला. "जीभ लावा." तिनं लावली. तोंड आवळलं.

"कशी लागती?"

"आंबट."

"लोखंडाला आंबट सोसत न्हाय. पाणी नितळ दिसतंय, पर ते आतनं पोखरतंय. ह्या गाडीनं दहा वरसं रोज तेच खाल्लं."

"मग गढूळच दिलं असतं तर?"

"तर चिखल बसला असता. चिखल मी पायपानं धुतला असता. पर खाल्लेलं लोखंड मी कुठनं आणू?"

सोनूबाई त्या पंख्यावरून अंगठा फिरवत राहिली. "बाकीच्या गाड्या?" तिनं विचारलं. "लई जणांस्नी दिलंय मी."

"कवातरी एकदा घातलं तर काय हुईत न्हाय. पुढं कुठंतरी बदललं जातंय. ज्यानं रोज घातलं, त्याचं हे झालं."

ते ऐकून ती एवढंच म्हणाली, "व्हय." ज्यांनी लांबून डबा पुढे केला आणि तोंड फिरवून वाट धरली, त्यांची इंजिनं शाबूत होती. जो जवळ आला, रोज आला, त्याचंच खाल्लं गेलं. हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि कळूनही काही झालं नाही.  हातावर तांबडी पूड लागली होती, ती तिनं पुसली नाही.

मिस्त्रीला काय वाटलं कोण जाणे. तो मऊ आवाजात सांगायला लागला, "पाणी द्यायचं बंद करू नका. नुसतं घागरीत ठेवा, हलवू नका, धुतलेल्या फडक्यानं गाळा. आन् उकळल्या गाडीत लगी गार पाणी वतायचंच न्हाय, इंजिन तडकतंय. अर्धा तास थांबवायचं. तेवढ्यात बसंल तेवढं बसंल."

"लाल दिसंल," सोनूबाई म्हणाली.

"दिसू दे की."

 त्याला ते म्हणायला सोपं होतं. जोतीराम पायाच्या बोटानं जमीन उकरत होता.

येताना जीपमध्ये तो बोलत होता, इंजिनासाठी हिरवं औषध घातलेलं पाणी दुकानात मिळतं, नव्या गाड्यांना तर वरून पाणी लागतच नाही, असलं काहीबाही. पूल गेला, केर्ली आली. "मावशी, शिवी दे पर कायतरी बोल की." तिनं फाट्यावर उतरताना त्याच्या खांद्याला हात लावला आणि वाड्याकडे चालू लागली.

मग ती कबनूरला प्रसेनजीतकडे गेली. तो किती वर्षं ये म्हणत होता. तिथे गल्लीत चारी बाजूंनी माग धडधडायचे, पहाटेपासून. माणूस तोंडाशी येऊन बोलला तरी ऐकू यायचं नाही. तिला ते बरं वाटलं. सून ताट वाढायची, ती खायची. भिंतीला हात लावला की भिंत थरथरायची, तेवढंच अंगाला काहीतरी लागायचं. तीन महिने राहिली. आषाढात एक दिवस नळाला गढूळ पाणी आलं आणि सुनेनं तुरटीचा खडा काढला. सोनूबाईनं तो तिच्या हातातून घेतला, दोनच फेरे दिले आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी ती गावी आली.

जोतीराम अजून थांबतो. डबा काढत नाही. तांब्याभर पितो, मग म्हणतो "येतो मावशी" आणि जातो.

कबनूरहून परतल्यावर एका रविवारी पाऊस उघडला होता. झरा तांबडा वाहत होता. तिनं घागर भरून उंबराखाली ठेवली तोच खालून एक अनोळखी जीप वाफ सोडत आली. आत सांगलीकडचे भाविक होते. ड्रायव्हर उतरला.

"ओ आजी, पाणी हाय व्हय?"

"हाय. पर थांबावं लागंल."

तो घागरीत डोकावला. "हे पाणी हाय का च्या हाय?"

जीपच्या मागच्या बाजूनं एक बाईमाणसाचा आवाज आला, "वस्तीतली दिसती. ह्यांचं असंच."

सोनूबाईनं ते ऐकलं. बारा वर्षं ती ह्या वाक्याच्या आधीच उत्तर तयार ठेवत आली होती. आज घागर सगळ्यांसमोर तांबडं तोंड उघडून बसली होती. तिचा हात झाकणाकडे गेला, झाकणावर थांबला, आणि परत मांडीवर आला.

"गढूळच हाय," ती म्हणाली. "डोंगराची माती हाय ती. खाली बसंल. तुझं इंजिन बी तवर निवंल."

भाविक कुरकुरत उतरले आणि "चांगभलं" म्हणत पायी वर निघाले. ड्रायव्हरनं टोपणाला हात घातला, तशी ती ओरडली, "हात काढ! तोंड भाजून घ्यायचं हाय व्हय?" तो चपापून दगडावर बसला. त्यानं तंबाखू मळली. ती बसून राहिली. दोघं घागरीकडे बघत होते, दुसरं बघायला काही नव्हतं. माती हळूहळू खाली उतरत होती. नितळ काही झालं नाही. फिकट लाल राहिलं.

अर्ध्या तासानं तिनं घागर बूड न हलवता अलगद कलती केली, फडक्यातून पाणी डब्यात गाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आता घाल. आन् ऐक. उद्या खाली गेलास की हे समदं काढून टाक. चांगलं पाणी भर. माझं आत ठेवू नको."

ड्रायव्हर हसला. "आजी, तुमीच देता आन् तुमीच टाकून दे म्हंता?"

"व्हय."

"मग देता कशाला?"

 तिनं फडकं पिळलं, त्यातून तांबडी धार तिच्या पायावर पडली.

"वरपतोर जायाला," ती म्हणाली.

त्यानं पाणी घातलं, टोपण लावलं आणि गाडी वर घेतली. सोनूबाईनं घागरीच्या बुडाचा गाळ उंबराच्या मुळाशी ओतला. झऱ्यावर जाऊन घागर पुन्हा भरली, वर आणून ठेवली. खालच्या वळणाला दुसरी गाडी दमाला आली होती. पाणी हलू नये म्हणून ती घागरीपासून हातभर लांब बसली.